तीन नंबरच्या खोलीतला जास्तीचा श्वास

समुद्राच्या तळाशी राहायचं म्हणजे हवासुद्धा मोजून वापरावी लागते. वेंगुर्ल्यापासून दूर, खोल पाण्यात उभारलेल्या 'प्रवाळगृहा'त माणसं होती तीनच. अकरा वर्षांची हेमांगी, तिची शास्त्रज्ञ आई आणि समुद्रतळावर प्रवाळाची रोपं लावणारे पाणबुडे आत्मारामकाका. शिवाय नीदा नावाची यंत्रमानव डॉक्टर. प्रत्येक खोलीत किती प्राणवायू लागला हे दाखवणारा मीटर होता, आणि रोज सकाळी ते आकडे वहीत उतरवणं हे हेमांगीचं सुट्टीतलं काम.

गुरुवारी तिचं पेन थबकलं. तीन नंबरच्या खोलीत, म्हणजे काकांच्या खोलीत, झोपेत ताशी चौदा लिटर प्राणवायू लागायचा. काल लागला होता सतरा!

शुक्रवारीही सतरा. मीटर बिघडला असेल म्हणून तिने तो आपल्या खोलीतल्या मीटरशी बदलून पाहिला. शनिवारी पुन्हा सतराच.

मग तिच्या मनात नको ते येऊ लागलं. काका हल्ली टेबलाशी जेवत नव्हते. "कामं पडलीत गो," म्हणत ताट खोलीत न्यायचे. ताट परत यायचं ते चाटूनपुसून लख्ख. तरी त्यांच्या कमरेचा पट्टा एक भोक आत गेला होता. माणूस सगळं खातो आणि वाळत जातो? म्हणजे ताटातलं दुसरंच कुणीतरी खात होतं. तिने हळूच दाराला कान लावला. आत बारीक कण्हण्याचा आवाज!

मांजर. नक्की मांजर. इथे प्राणी आणायला सक्त मनाई होती. काकांनी, ज्यांनी तिला पोहायला शिकवलं त्यांनी, सगळ्यांना फसवावं?

रविवारी दुपारी तिने दार ठोठावलं.

"काका, मला सगळं कळलंय. उघडा."

मग दार उघडलं. काका भिंतीला धरून उभे होते. चेहरा लालबुंद, अंगाला कापरं. नडगीवर जखम होती आणि पाय सुजून टम्म झाला होता. पलंगाखाली एका डब्यात न खाल्लेल्या भाकऱ्या कोंबलेल्या होत्या.

"मांजर कुठाय?" हेमांगीने विचारलं.

"कसलं मांजर गो? मी एकटाच आहे." काका पलंगावर बसले. "गेल्या मंगळवारी प्रवाळ घासलं पायाला. घास बघितला तरी नको वाटतो. ताट भरलेलं परत गेलं तर नीदाला संशय येईल, म्हणून लपवत होतो. आईला सांगू नको, काम थांबवेल ती. आणखी चार दिवसांत प्रवाळाची सगळी रोपं लावून होतील, मग जाईन वर."

"पण सतरा लिटर? तुम्ही तर नुसते झोपलेले असता!"

"ते मला काय ठाऊक?"

हेमांगीने पुन्हा त्या पायाकडे पाहिलं. "मी सांगणार, काका," ती म्हणाली आणि धावत सुटली.

"तुझ्यावर विश्वास टाकला मी!" मागून आवाज आला. तो तिला फार लागला.

ती आईला आणि नीदाला घेऊन आली. नीदाने तपासलं. ताप एकोणचाळीस अंश. तिने लगेच प्रतिजैविक (जंतूंना मारणारं औषध) टोचलं. "आणखी दोन दिवस गेले असते, तर जंतू रक्तात पसरले असते," ती म्हणाली.

"पण काका एवढी हवा कशी वापरत होते?" हेमांगीने विचारलं.

"आपण झोपलो तरी हृदय, मेंदू, फुप्फुसं काम करतच असतात," नीदा सांगू लागली. "त्यासाठी पेशी अन्न आणि प्राणवायू वापरून ऊर्जा मिळवतात. शरीरातल्या अशा सगळ्या घडामोडींना चयापचय म्हणतात (अन्न मोडून ऊर्जा काढणं आणि नवे भाग घडवणं). ताप एका अंशाने चढला, की हा खर्च साधारण दहा-बारा टक्क्यांनी वाढतो. काकांचा ताप दोन अंशांनी चढला होता."

हेमांगीने मनातल्या मनात हिशेब केला. चौदाचे सतरा! "पण मग भूक जास्त लागायला हवी ना?"

"जंतूंशी लढणाऱ्या पेशी रक्तात संदेशक रसायनं (निरोप पोचवणारे पदार्थ) सोडतात. ती मेंदूपर्यंत गेली की मेंदू ताप चढवतो आणि भूक मारतो. असं का, ते अजून पुरतं कळलेलं नाही. थोडे दिवस त्याचा फायदाही होत असेल. आजार लांबला, तर मात्र नुकसानच."

"मग ऊर्जा येते कुठून?" आईने मुद्दाम हेमांगीलाच विचारलं.

हेमांगी काकांच्या सैल पट्ट्याकडे बघत म्हणाली, "त्यांच्या अंगातूनच?"

"बरोबर," नीदा म्हणाली. "चरबीतून आणि स्नायूंतून. धडधाकट माणूस उपाशी राहिला, तर त्याचं शरीर हळूहळू खर्च कमी करतं, स्नायू जपतं. आजारी शरीराला ते साधत नाही. लढणाऱ्या पेशींना प्रथिनं पुरवायला ते स्नायू मोडत राहतं. म्हणून आजारपणात वजन झपाट्याने उतरतं."

काका तोंड फिरवून पडून राहिले. दोन दिवस ते हेमांगीशी बोलले नाहीत. रोपं आईनेच लावली. तिला लावायला जमली तेवढी जगली, बाकीची मेली.

बुधवारी ताप उतरला, आणि दुपारी काका भिंत धरत टेबलाशी आले. "पेज आहे का गो?"

हेमांगीने वाटी पुढे केली. त्यांनी अर्धी संपवली.

"भूक आली, आता वजनही येईल," ती म्हणाली.

"सावकाश," नीदा म्हणाली. "स्नायू परत यायला आठवडे लागतात. खायचं आणि रोज चालायचं."

"आई, नुसत्या श्वासावरून मीटरनेच आपल्याला सांगितलं तर? 'या माणसाला बरं नाही' म्हणून? पुढे माणसं चंद्रावर राहतील, मंगळावर राहतील. तिथेही कुणीतरी दुखणं लपवेलच."

आईने आकड्यांची वही पुढे ओढली. "करून बघू. पण आधी ज्याचे आकडे घ्यायचे त्याची परवानगी हवी."

दोघींनी काकांकडे पाहिलं. काकांनी उरलेली पेज संपवली, तोंड पुसलं आणि पहिल्यांदाच हसले. "माझ्यापासून करा सुरुवात," ते म्हणाले.