कॅचरचा खिळा

"आयरीन, कॉफी तशीच ठेव आणि क्लबात ये," स्टेला फोनवर म्हणाली. "पीटी परत आलाय."

आयरीनबाईंनी कप खाली ठेवला. पीटी पास्टोरेकला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

"कुठे आलाय?"

"फळ्यावर. हब रडतोय, आणि रडणाऱ्या म्हाताऱ्याचं काय करायचं ते मला कळत नाही. ये बाई लवकर."

मार्च अर्धा संपला तरी आमच्या ईरी शहरात बर्फ काही पाय काढत नाही. सरोवराकडून वारा येत होता आणि मध्येच गोठलेलं पाणी तडकल्याचा आवाज. आयरीन मालिनाक गाडीतून उतरल्या तेव्हा क्लबाच्या दारात स्टेला क्रूपा अंगाभोवती शाल घट्ट धरून उभी होती. क्लबाचा बार तीच चालवायची. एरवी कुणाला न घाबरणारी बाई, पण आज मागच्या खोलीत पुढे व्हायला तयार नव्हती.

आयरीनबाई आधी शाळेत शिकवायच्या. पण गाव त्यांना ओळखायचं ते बेसबॉलच्या मैदानावरच्या काचेच्या खोलीमुळे. तिथे त्यांनी तीस वर्षं अधिकृत गुणलेखक म्हणून काढली. चेंडू हातातून निसटला तर ती झेलणाऱ्याची चूक की मारणाऱ्याची कमाई, हे त्या ठरवायच्या. खेळाडू शिव्या घालत, प्रेक्षक ओरडत, पण निकाल बदलत नसे.

मागच्या खोलीत लीगचा फळा होता. ही लीग म्हणजे दहा जणांचं वेड. दर मार्चमध्ये प्रत्येकाने खऱ्या खेळाडूंतून आपला मनातला संघ निवडायचा आणि उन्हाळाभर त्या खेळाडूंच्या कामगिरीवरून एकमेकांना टोमणे मारायचे. सगळी दुनिया हे संगणकावर करते. ही मंडळी लाकडावर करत. प्रत्येक खेळाडूची बोटाएवढी लाकडी पट्टी, तिच्यावर तापल्या सळईने कोरलेलं नाव. प्रत्येक संघाला एक रांग, प्रत्येक जागेला एक खिळा. सगळ्यात खालचा खिळा नवख्याचा.

नवख्याचा थाट वेगळा. त्याच्या पट्टीचं टोक लाल रंगात बुडवलेलं, आणि पट्ट्या दोन. एक खिळ्यावर, दुसरी मालकाच्या खिशात, नशिबासाठी. मोठ्या लीगमध्ये एकशेतीस वेळा बॅट चालवली की नवखेपण संपलं. मग चाकूने लाल रंग खरवडायचा, आणि तो खेळाडू पुन्हा सगळ्यांच्या निवडीसाठी मोकळा.

लीग सुरू केली लेन पास्टोरेकने. त्याचा मुलगा पीटी मोठ्या लीगपर्यंत पोचला तेव्हा लेनने त्यालाच आपला नवखा म्हणून निवडलं. पीटी एकतीस वेळा बॅट घेऊन उभा राहिला. त्याच हिवाळ्यात बर्फावरून त्याची गाडी घसरली.

एकतीस म्हणजे एकशेतीसपेक्षा कमी. नियमाने पीटी नवखाच राहिला. एकोणीस वर्षं तो बापाच्या रांगेत खालच्या खिळ्यावर लटकत होता, आणि कुणाची तोंड उघडायची छाती झाली नाही.

ऑक्टोबरात लेन गेला. काल शुक्रवारी नवा प्रमुख गॉर्डी बाराब याने ठराव मांडला, की गेल्या दोन वर्षांत जो कुठल्याच खऱ्या संघात नव्हता त्याला नवखा म्हणता येणार नाही. पाच विरुद्ध चार मतांनी ठराव झाला. त्या पाच हातांत एक आयरीनबाईंचा होता. हात वर करताना त्यांनी फळ्याकडे बघायचं टाळलं होतं.

आता त्या फळ्यासमोर उभ्या होत्या. खालचा खिळा रिकामा होता. पण वर, कॅचरच्या खिळ्यावर, एक पट्टी होती. पीटी पास्टोरेक.

लेनची खुर्ची भिंतीजवळून ओढून फळ्याकडे तोंड करून ठेवलेली. गादी मध्ये दबलेली होती. ऑक्टोबरपासून त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं.

"बसून गेलाय तो," हब झीलाक म्हणाला. लेनचा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त, इंजिनच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. पट्ट्या बनवायचं काम त्याचंच. "तुम्ही म्हणालात ना, पोरगं नवखं नाही? ठीक आहे म्हणतोय तो. नवखा नाही तर नाही, मी त्याला थेट संघात घेतो. बघ, कुठे लावलाय!"

"हब, नाक पूस. काल काढलेली पट्टी कुठे गेली?"

"माझ्याकडे आहे, मिस मालिनाक."

कोपऱ्यातून कॉनी बोलली. लेनची मुलगी, पन्नाशीला आलेली, पण आपल्याला पाचवीत शिकवलेल्या बाईंना अजून मिस म्हणायची. अठराव्या वर्षी ती बापाशी भांडून ऑरेगनला गेली आणि तिकडचीच झाली. आता घर आवरायला आली होती, आणि लेनचा संघ पुढे चालवायचा की नाही हे आज दुपारच्या निवडीआधी तिला सांगायचं होतं.

तिने पर्समधून पट्टी काढली. ताठ कडा, टोकाला लालभडक रंग. "काल सभा संपल्यावर गॉर्डीने बाहेर आणून दिली. मी तिथे बारवर बसले होते."

"आत का नव्हतीस?"

"पहिल्या वर्षी मत नाही म्हणे. आत बसायचंही नाही."

"लेननेच केलेला नियम," स्टेला म्हणाली. "नवीन माणसाने आधी वर्षभर ऐकून घ्यायचं."

आयरीनबाईंनी खिळ्यावरची पट्टी हातात घेतली. ती गुळगुळीत होती. अक्षरं पुसट, टोकाचा लाल रंग पार गेलेला आणि मधोमध अंगठा बसेल एवढा खळगा.

"ही खिशातली आहे," त्या हळूच म्हणाल्या.

हबने मान डोलावली. "मी स्वतः त्याच्या कोटाच्या खिशात घातली, आयरीन. शवपेटीत. लेनबरोबर पुरली आपण ती."

बाहेर बर्फ पुन्हा तडकलं. स्टेलाने छातीवर क्रूस काढला.

आयरीनबाईंनी एकेकाला बारवर बोलावून घेतलं. पहिला हब.

"तिसरी पट्टी केलीस का? खरं सांग."

"हे हात बघ." हात थरथरत होते. "यंदाच्या पट्ट्या कशाबशा केल्यात, नावं वाकडी आलीत. आणि तो खळगा कसा करू? लेनचा अंगठा कुठून आणू?"

"खिशात घातलीस, की घातल्यासारखं केलंस?"

"तू माझ्या मागेच होतीस की!"

होत्या. कोटाच्या खिशातून डोकावणारं लाकडाचं टोक त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. "आणि नंतर?"

"नंतर काय, घरच्यांचा निरोप होईपर्यंत आपण सगळे बाहेर गाड्या गरम करत बसलो. तू थंडीला शिव्या देत होतीस."

दुसरी स्टेला.

"मागच्या खोलीची किल्ली कुठे असते?"

"इथे, हुकावर. बारवर बसलेला कुणीही उचलेल. तिथे चोरण्यासारखं असतं काय?"

"आज सकाळी कोण कोण आलं?"

"मी दार उघडलं, पाठोपाठ कॉनी कॉफीला, मग गॉर्डी खुर्च्या मांडायला, मग हब. मी खाली ओव्हनपाशी होते, पेपरोनी बॉल, ते सॉसेज भरलेले पावाचे गोळे, भाजत. वर हबची किंकाळी ऐकली आणि अर्धे जाळले."

तिसरा गॉर्डी. शाळेत पीटीच्या संघात होता. खेळताना दोघं शेजारी शेजारी, बॅटवाल्यापासून लांब, मागच्या मैदानात उभे राहायचे.

"पट्टी तू लावलीस?"

"मीच काढायची आणि मीच लावायची? डोकं ठिकाणावर आहे माझं."

"मग काढलीस कशाला? पीटी तुझा जिवलग होता. हा नियम कुणाच्या डोक्यातून निघाला, गॉर्डी?"

"मांडला मी."

"मी विचारलं, कुणाच्या डोक्यातून निघाला."

गॉर्डीने ग्लास पुसायला घेतला. ग्लास आधीच कोरडा होता. "मांडला मी, आयरीन. पुरे झालं."

आयरीनबाई परत फळ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. भीती त्यांनाही वाटत होती. पण मैदानावर एक गोष्ट त्या शिकल्या होत्या, की चेंडू पडला की सगळे चेंडूकडे बघतात, आणि आपण बघायचं पायांकडे, कारण चूक आधी पायांत दिसते. इथे पाय कुठे होते? त्यांनी पुन्हा त्या खिळ्याकडे पाहिलं. कॅचर. मुखवटा घालून बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसणारा.

एक वाजायच्या सुमाराला सगळे जमले. टेबलावर ऑक्स रोस्टचे, म्हणजे भाजलेल्या गोमांसाचे, सँडविच होते, पण हात कुणी लावला नाही.

"निवडीआधी मला बोलायचंय," आयरीनबाई म्हणाल्या. "लेन आला नव्हता."

"मग पट्टी कशी आली?" हब.

"सांगते. ही लेनच्या खिशातलीच. तो खळगा दुसऱ्या कुणाला करता येणार नाही. म्हणजे ती पुरलीच गेली नाही. हबने ती घातली, मी पाहिली, आणि मग आपण बाहेर पडलो. शवपेटीपाशी शेवटी घरचं माणूस थांबतं. लेनच्या घरचं माणूस एकच होतं."

कुणीही कॉनीकडे वळून बघितलं नाही. तेच जास्त वाईट होतं.

"दुसरी गोष्ट, खिळा. तुमच्यातल्या कुणी लावली असती तर डोळे मिटूनही खालच्या खिळ्यावर लावली असती. एकोणीस वर्षं तिथेच बघितलीत. म्हणजे लावणाऱ्याने ती फळ्यावर कधी पाहिलीच नव्हती. आणि पीटी कुठे खेळायचा, गॉर्डी?"

"मागच्या मैदानात. माझ्या शेजारी."

"शाळेतही, मोठ्या लीगमध्येही. लेनचं भूत त्याला कॅचरच्या जागी लावेल? मेला तरी लावणार नाही! पीटी कॅचर होता तो तेरा-चौदा वर्षांचा होईपर्यंत. मग गुडघे गेले. त्याला कॅचर म्हणून आठवणारं माणूस त्याच्या आधी घर सोडून गेलेलं असणार." आयरीनबाई वळल्या. आवाज मऊ झाला. "कॉनी, तुझी कॉफी सकाळी गार झाली असेल ना गं?"

कॉनीने होकारार्थी मान हलवली.

"माहीत होतं मला, तो नंतर मागे खेळायचा ते. फोनवर सांगायचा. पण हात तिथेच गेला. मला तो मुखवट्यातलाच दिसतो, मिस. अंगणात मी चेंडू टाकायचे आणि तो झेलायचा."

"पेटीतून का काढलीस?" हबचा आवाज चिरकला.

"बाबांचा हात होता त्याच्यावर! एकोणीस वर्षं रोज. माझ्या पाठीवर तो कधी फिरला नाही. निदान लाकूड तरी घेते म्हटलं." तिने डोळे पुसले. "मला राग यायचा या पट्टीचा, खरं सांगते. मेलेला मुलगा संघात, आणि जिवंत मुलगी फोनच्या पलीकडे. पण काल तुम्ही आत बसून हात वर केलेत आणि तो बाहेर आला, माझ्या हातात. माझा भाऊ, आणि मला मत नाही. मग ज्यांना कुणी नाही म्हणू शकत नाही त्या बाबांना मी बोलायला लावलं. खुर्चीत मीच बसले होते. जरा बसावंसं वाटलं."

मग गॉर्डीने घसा साफ केला.

"आयरीन, सकाळी तू विचारलंस ना, नियम कुणाचा? लेनचा."

"काय?"

"दवाखान्यात सांगितला त्याने. म्हणाला, मला पोराला खाली उतरवता येत नाही, गॉर्डी, हातच होत नाही. मी गेल्यावर तू उतरव. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस, त्याला वाटेल बापाने सोडलं." गॉर्डी थांबला. "कुणाला वाटेल ते मी विचारलं नाही. मग म्हणाला, तो खिळा रिकामा कर. कॉनी येईल. तिला तिचा स्वतःचा नवखा निवडू दे."

कॉनीने तोंडावर हात दाबला. ती रडली ती आवाज न करता, आणि बराच वेळ. हबने आपली खुर्ची तिच्याजवळ सरकवली आणि नुसता बसून राहिला.

रडणं ओसरलं तशी ती उठली. झिजलेली पट्टी तिने आयरीनबाईंसमोर धरली. "ही कुठे लावू?"

आयरीनबाईंनी ती उजेडात धरली. "नवखेपण संपलं की लाल रंग खरवडायचा, हा आपला नियम. हिचा रंग लेनने कधीच काढलाय. रोज थोडा थोडा." पट्टी त्यांनी तिच्या तळहातावर ठेवली. "बर्फ वितळलं की त्याच्या कबरीपाशी नेऊन ठेव. तोवर सांभाळ."

कॉनीने पर्समधली दुसरी पट्टी काढली, हबचा चाकू मागून घेतला आणि लालभडक टोक स्वतः खरवडलं. लाल भुगा टेबलावर पडला. हबने तो तळव्याने गोळा करून आपल्या शर्टाच्या खिशात टाकला, आणि कुणी त्याची चेष्टा केली नाही.

गॉर्डीने सवयीने पुकारलं, "नवख्यांची निवड. लेन पास्टोरेक." मग तो अडखळला. सगळ्यांची नजर त्या खुर्चीकडे गेली.

कॉनी जाऊन खुर्चीत बसली. "मातेओ अरीसा," ती म्हणाली.

"जागा?"

"कॅचर."

हबने सळई तापवली. हात थरथरत होता, नाव वाकडं आलं, पण आलं. दोन्ही पट्ट्या त्याने रंगात बुडवल्या, एक खालच्या खिळ्यावर अडकवली आणि दुसरी तिच्या हातात दिली.

"वाळू दे गं आधी," तो म्हणाला. पण तिचा अंगठा केव्हाच त्या पट्टीवरून फिरायला लागला होता.