एक दिवस आधी लावलेली खिडकी

पांतेलिमोन म्हाताऱ्याला उडालेला पोपट परत घरात आणायचा होता, बाकी काही नको होतं. डॅन्यूब नदीकाठच्या ब्राइला बंदरात, गोदीत चाळीस वर्षं गोण्या वाहिलेला माणूस तो. गुडघे गेलेले, झोप गेलेली. आणि पोपट उडाला तो त्याच्याच चुकीनं.

बायकोला, अग्लायाला, जाऊन तेव्हा सदतीस दिवस झाले होते. तिच्या खोलीची खिडकी रीतीप्रमाणं उघडी होती. माणूस गेलं की चाळीस दिवस त्याचा जीव घरात येऊन-जाऊन असतो. त्याच्यासाठी वीतभर फट ठेवायची, पाण्याचा पेला ठेवायचा. चाळिसाव्या दिवशी पाद्रीबाबा येऊन त्याला वाटेला लावतात, मगच खिडकी लावायची. सगळ्यांच्या घरी हेच. पण सगळ्यांच्या घरी पोपट नसतो. म्हाताऱ्यानं अक्रोड द्यायला पिंजरा उघडला, फटीचं ध्यानात राहिलं नाही, आणि करडा गोगू भुर्रकन समोरच्या पॉप्लरच्या झाडावर जाऊन बसला. बसला तो बसला, वर अग्लायाच्या आवाजात ओरडला, "पांते, दार लाव! वारा येतोय!"

म्हाताऱ्याला पोपट कधीच आवडला नव्हता. पोपटानं एकदा त्याचा अंगठा फोडला होता. पण तिचा आवाज आता त्या एका चोचीत उरला होता.

तो झाडाखाली उभा राहून शिव्या घालू लागला. शेजारची वेता कुंपणावरून म्हणाली, "पांतेदादा, तुमच्या शिव्यांनी पाववालासुद्धा येईनासा झालाय, पाखरू येणार होय?"

"उपाय असेल तर सांग. नाहीतर गप बस."

"पिंजरा खिडकीत ठेवा. अन् वहिनी करायच्या तसं करा."

अग्लाया रोज संध्याकाळी मक्याचं पीठ घाटायची आणि झालं की लाकडी दांड्यानं पातेल्याच्या काठावर तीनदा ठोकायची. गोगू खरपुडीसाठी धावायचा, खाऊन झालं की तिच्यापुढं मान खाली घालायचा, आणि ती मानेमागं खाजवायची. ती मान दुसऱ्या कुणासाठी वाकली नाही.

म्हाताऱ्यानं पीठ घाटलं. गुठळ्या झाल्या, करपलं. तीनदा ठोकलं. झाडावरून उत्तर आलं, पाखरू नाही आलं. दुसऱ्या दिवशीही तेच. हात भरून आले.

एकोणचाळिसाव्या दिवशी दुपारपासूनच डॅन्यूबवरून धुकं चढलं. तिन्हीसांजेला पॉप्लर दिसेना. उद्या चाळिसावा. खिडकी लागली की पिंजरा आत घ्यायचा, मग पाखरू कशाला येतंय! म्हाताऱ्यानं दमल्या हातानं ठोकलं. एक... दोन... तीन...

"पांते..." झाडावरून आलं.

त्यानं परत ठोकलं.

"आले रे... थांब जरा..." आता कुंपणापाशी.

'थांब जरा' हे गोगूला येत नव्हतं. पण म्हातारा विचार करण्याच्या पलीकडं दमला होता. पंखांचा आवाज झाला नाही. मेणबत्तीचा आणि ओल्या लोकरीचा वास आला. पिंजरा हलला, आत काहीतरी वजन पडलं. त्यानं आत न बघताच पिंजऱ्याचं दार लावलं, अग्लायाची शाल वर टाकली, पिंजरा आत ओढला आणि खिडकीची कडी घातली. कडी बसली तेव्हा आठवलं... अजून एक दिवस होता.

तेवढ्यात दार वाजलं. वेता उभी. ओच्यात गोगू.

"दुपारपासून माझ्या खुराड्यात बसलाय मेला. कोंबड्यांनी अंडी घालायची बंद केली. हे बघा, हात फोडला माझा..."

शालीखालून आवाज आला, "पांते... खिडकी उघड..."

वेतानं छातीवर क्रूस काढला, गोगूला खुर्चीवर सोडलं आणि मागं न बघता गेली.

"दमले रे पांते... जाऊ दे मला..."

म्हातारा खाटेवर टेकला. कितीतरी वेळ कडीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मीपण दमलोय ग. उद्या उघडतो."

गोगू खुर्चीवरून उतरला, चालत शालीपाशी गेला आणि त्यानं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबा आले, प्रार्थना झाली, गव्हाचा प्रसाद वाटला. खिडकी बंद बघून "काम उरकलंत वाटतं," म्हणाले. म्हाताऱ्यानं मान हलवली.

याला वर्ष झालं. रोज संध्याकाळी तो तीनदा ठोकतो, आणि रोज शालीपाशी जाऊन "उद्या" म्हणतो. आवाज आता फार बारीक झालाय. गोगू मोकळाच असतो. त्याच्या मानेमागची पिसं झडून टक्कल पडलंय. वेता म्हणते, पोपट दुःखानं स्वतःची पिसं उपटतात. पोपटाची चोच स्वतःच्या मानेमागं पोचत नाही, एवढं म्हाताऱ्यालाही कळतं.