आजीबाईची भूक

मी गुरांचा डॉक्टर. अंबांजा गावात कुणाची गाय अडली किंवा बैलाच्या खुरात किडे पडले, की मला बोलावणं येतं. रंग बदलणाऱ्या घोयऱ्या सरड्याला तपासायला मला आयुष्यात एकदाच बोलावलं गेलं, तेही माझ्या सख्ख्या बहिणीकडून, सोआझाराताईकडून.

आमच्याकडे घोयरा वर्ज्य, त्याला कुणी हात लावत नाही. तो रस्ता ओलांडत असला तर गाडीवाला बैल थांबवून त्याला जाऊ देतो. पण माझी भाची फितिया असलं काही मानणारी नव्हती. कोकोच्या बागेतून तिने एक लंगडी मादी फांदीसकट उचलून आणली. विटकरी-गुलाबी अंग, वीतभर लांबी, आणि पाऊल टाकावं की नाही या विचारात मागेपुढे डोलत राहण्याची खोड. फितियाने तिचं नाव ठेवलं आजीबाई. ताईने घर डोक्यावर घेतलं. शेवटी तिच्या नवऱ्यानेच, तोंबोने, मासे धरायच्या जुन्या जाळ्याचा पिंजरा शिवला आणि ओसरीवरच्या जास्वंदीभोवती उभा केला. आजीबाई त्यात रुळली. नाकतोडे खायची, पानांवर शिंपडलेलं पाणी चाटायची आणि एक डोळा रस्त्याकडे, दुसरा चुलीकडे लावून बसायची.

फितिया अकरा वर्षांची असताना सांबिरानो नदीच्या पुरात वाहून गेली. तोंबो तिच्याबरोबरच होता. दुसऱ्या दिवशी ती खालच्या अंगाला बांबूच्या बेटात सापडली.

पाऊस ओसरत आला तेव्हा ताईचा निरोप आला, की आजीबाई खात नाही.

मी गेलो. पिंजऱ्यात नाकतोडे उड्या मारत होते. एक तर आजीबाईच्या डोक्यावरच बसला होता. मी तिचं तोंड उघडून पाहिलं, हिरड्या स्वच्छ होत्या. डोळे खोल गेलेले नव्हते, म्हणजे पाणी पुरेसं मिळत होतं. अंडी धरली की मादी खाणं सोडते, खाली उतरून माती उकरत बसते, म्हणून पोटही चाचपलं. अंडी नव्हती. श्वास साफ, विष्ठा मात्र बरेच दिवस झालेली नव्हती. मी ताईला सांगितलं की पिंजरा सकाळच्या उन्हात सरकव, पाणी जास्त शिंपड, नाकतोड्यांऐवजी झुरळं, अळ्या, पतंग देऊन बघ.

ताई खांबाला धरून उभी होती. गालांची हाडं वर आली होती. तिच्या पातेल्यातला भात सकाळपासून तसाच होता.

"ताई, तू काही खाल्लंस का?"

"माझं राहू दे. आधी तिचं बघ. तिला काही झालं तर फितियाचं म्हणून माझ्याकडे काय उरलं, झाफी?"

त्यानंतर येता-जाता मी तिकडे डोकावू लागलो. ताई दिवसभर बागेत पतंग धरत फिरायची. आजीबाई एकालाही शिवत नव्हती. पण ती वाळत नव्हती. उलट तिच्या डोक्यामागचे उंचवटे भरत चालले, शेपटीचं मूळ जाड झालं. शेवटी मी तिला कोको तोलायच्या काट्यावर ठेवलं. वजन वाढलं होतं. माझी नजर चुकवून ती काहीतरी खात असणार, असं मी स्वतःला सांगितलं. दुसरं काय सांगणार?

काय खात होती ते एका दुपारी पाहिलं, आणि पाहूनही मला कळलं नाही.

ताई पिंजऱ्याजवळ बसून बोलत होती. अलीकडे ती फक्त फितियाबद्दलच बोलायची. करपलेल्या भाताच्या भांड्यात उकळलेलं पाणी प्यायची पोरीला किती घाई असे, जीभ भाजली की कशी ओसरीभर नाचत सुटे, ते सांगत होती. आजीबाईचे डोळे फिरायचे थांबले. घोयऱ्याचे दोन्ही डोळे एका जागी येतात ते फक्त भक्ष्यावर नेम धरताना. ते आले. ताईच्या तोंडासमोर, जिथे नुसती हवा होती, तिथे. तोंड फटीइतकं उघडलं. जीभ सुटली, जाळीतून बाहेर गेली आणि परत आली. जिभेच्या टोकाला काहीही नव्हतं.

मग आजीबाईने सावकाश चावायला सुरुवात केली. बराच वेळ चावलं. गिळलं.

ताई बोलता बोलता थांबली होती.

"मी काय सांगत होते रे?"

"फितियाची जीभ भाजायची ते."

"हो का?" ती म्हणाली. "भाजायची का तिची जीभ?"

शोकात माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. ज्यांची गुरं एका साथीत गेली अशी माणसंही मी पाहिली आहेत. मी तेवढ्यावरच सोडून दिलं.

ताई सुधारू लागली. आधी भात खाल्ला, मग केस विंचरले, मग बाजारात दिसली. मासळीवालीशी घासाघीस करताना तिचा आवाज पूर्वीसारखा चढला, ते ऐकून मला रस्त्यातच भरून आलं. पण एकदा घरी गेलो तर ती चुलीवरचं पातेलं निळ्या फडक्याने उतरवत होती. त्या फडक्याला फितियाच्या चांगल्या झग्याची झालर होती. मी विचारलं, हे का फाडलंस? जुनं पडलं होतं घरात, ती म्हणाली. कुणाचं, हा प्रश्न तिला पडलाच नाही.

त्याच दिवशी मी अंकिफीच्या धक्क्यावर तोंबोला गाठलं. तो तिथेच राहून बेटावर माणसं नेणारी होडी चालवतो, सुट्टीपुरता घरी येतो. मी पाहिलं ते सगळं त्याला सांगितलं आणि म्हटलं, दाजी, तो प्राणी मी घेऊन जातो. मला वाटलं होतं तो हसेल, किंवा वर्ज्य मोडल्याचं फळ म्हणून मलाच दोन शब्द सुनावेल. तो दोर गुंडाळत राहिला. म्हणजे त्याने आधीच पाहिलं होतं.

"सोआझारा आता झोपते," तो म्हणाला. "आधी अंगणात जाऊन माती खायची. तुला नाही सांगितलं तिने. तू प्राणी नेशील आणि ती परत तशी झाली, तर रोज उठून तिला धरायला तू येणार आहेस का?"

मी खाली पडलेलं दोराचं दुसरं टोक उचलून त्याच्या हातात दिलं.

"आणि माझं काय?" तो म्हणाला आणि होडीत उतरला.

पुढच्या वेळी तो सुट्टीवर आला तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. ताई विहिरीवर होती. तोंबो ओसरीवर, पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर, बुटक्या लाकडी पाटावर बसला होता. मला पाहूनही उठला नाही. तो आजीबाईशी बोलत होता. फितिया गेल्यापासून त्या दिवसाबद्दल त्याने कुणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं.

"पाणी मांडीपर्यंत होतं," तो म्हणाला. "मी तिचा हात घट्ट धरला होता. माझी चप्पल चिखलात रुतली. ती काढायला मी वाकलो. एवढंच. चप्पल काढायला वाकलो."

आजीबाईचे डोळे जुळले.

"दाजी, उठा तिथून," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "राहू दे, झाफी. घेऊ दे तिला."

जीभ सुटली.

मी त्याचा चेहरा बघत होतो. कपाळावरची आठी उलगडली. खांदे खाली आले. तो आपला उजवा हात उलटसुलट करून पाहू लागला, त्यात काही धरलं होतं का ते आठवत असल्यासारखा. मग हात मांडीला पुसला.

"कधी आलास?" तो म्हणाला. "जेवूनच जा. नारळातली मासळी आहे."

पिंजऱ्यात आजीबाई चावत होती.

त्यानंतर तो सुट्टीभर त्या पाटावरच बसायचा, असं शेजारणीने सांगितलं. रात्री दोघांच्या हसण्याचा आवाज येतो, हेही तिनेच सांगितलं, आणि बरं वाटतं ऐकून, असं म्हणाली.

बाजाराच्या दिवशी दोघं बाहेर पडल्यावर मी आजीबाईला फांदीसकट टोपलीत घातलं आणि गावाबाहेर निघालो. कोकोच्या बागा संपल्या, पायवाट संपली, तरी चालत राहिलो. मारायचा विचार आला नाही असं नाही. पण हात धजावला नाही. एका रानझाडाच्या फांदीवर मी तिला चढवलं. आता ती चांगली दोन मुठींएवढी गुबगुबीत झाली होती. रंग असा खुलला होता की पानांआडूनही लपत नव्हता.

मी तिच्याशी काही बोललो नाही. एक शब्दही नाही. फक्त उभ्या उभ्या एकदा फितियाची आठवण आली.

दोन्ही डोळे माझ्यावर आले.

मी मागे सरलो. उशीर झाला होता. गालाला ओलसर वारा लागला.

ती चावत असताना मी पळालो.

माझं काय गेलं ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. फितिया मला अजून दिसते. गुडघ्यावरचा व्रण, पुढच्या दातांतली फट, सगळं दिसतं. ती मला हाक मारते तेही दिसतं, ओठ हलतात. आवाज येत नाही.

ताईला आणि तोंबोला रिकाम्या पिंजऱ्याचं काही वाटलं नाही. ताईने तो मोडून जास्वंदीला मोकळं केलं. परवा मी त्यांच्याकडे जेवायला होतो. दोघांची प्रकृती उत्तम आहे. न राहवून मी त्यांना सगळं सांगितलं. नदीकाठच्या एका मुलीची गोष्ट म्हणून नव्हे, तर जसं घडलं तसं, नावानिशी, तुम्हाला सांगितलं तसंच. दोघंही मन लावून ऐकत होती, स्वतःची नावं आली तेव्हाही, ती दुसऱ्याच कुणाची असावीत तशी. पुराशी आलो तेव्हा तोंबोने हातातला घास खाली ठेवला. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बिचारी," ती म्हणाली. डोळे पुसून तिने माझ्या ताटात आणखी एक डाव भात वाढला. "आई-बाप आहेत का रे तिचे?"