दुपारचा रातकिडा

सिद्धेशने काचेची बरणी उचलली आणि सगळा तांदूळ परातीत ओतला. रुचिराने दोन्ही हातांनी तो चाळवला, मग पुन्हा चाळवला. कारी शेजारी बसून नुसती बघत होती. तिला काही ऐकू येत नव्हतं. हरवली होती ती तिच्या कानांचीच मशीनं.

कारी नॉर्वेची. तिच्या बाबांची नोकरी मरोळला, म्हणून दीड वर्षापूर्वी हे कुटुंब सिद्धेश-रुचिराच्या बिल्डिंगमध्ये राहायला आलं. आल्या आल्या तिच्या आईला, म्हणजे ग्रेटेला, धक्क्यावर धक्के. कपाटातल्या बुटांना बुरशी, मिठाला पाणी, तासाभरात मऊ पडणारी बिस्किटं, भिंतीवर पाल, आणि सकाळी आठ ते दहा बेल वाजवणारी निदान सात माणसं. यातून त्यांना निभावून नेलं मालनमावशींनी. स्वयंपाक तर त्या करायच्याच, वर मिठात तांदळाचे दाणे टाक, बुटांत वर्तमानपत्र कोंब, असे उपायही सुचवायच्या. कारी तर त्यांचं ऐकून पालीलासुद्धा घाबरेनाशी झाली होती.

ऑक्टोबरच्या चिकचिकाटात कानाची मशीनं घामाने बिघडतात. ती सुकवायची एक डबी असते, पण तिच्यातले ओल शोषणारे मणी संपले होते. काल संध्याकाळी कारी बॅडमिंटन खेळून घामाघूम होऊन आली, मशीनं मावशींच्या हातात कोंबली आणि आंघोळीला पळाली. मावशींनी ती तांदळाच्या बरणीत खोल खुपसून ठेवली. आज सकाळी कारी बघते तर तांदूळ जागेवर आणि मशीनं गायब.

ग्रेटेने सोसायटीच्या ग्रुपवर साधा मेसेज टाकला, ‘आमच्या घरातून ही वस्तू हरवली आहे, कुणाला दिसली का?’ तिच्या गावात मांजर हरवलं तरी असंच विचारतात. आपल्याकडे असा मेसेज कसा वाचला जातो, हे तिला कुठून माहीत असणार? पाच मिनिटांत सेक्रेटरी सुबोधकाकांनी खाली लिहिलं, ‘शेवटी कोणाच्या हातात होती? मालनच्या. तिचा गेटपास बंद केला आहे. सर्वांनी आपापल्या वस्तू तपासाव्यात.’ ना चौकशी, ना विचारपूस. मावशी तेवढ्यात कोथिंबीर आणायला बाहेर गेल्या होत्या, त्यांना गेटने परत आत घेतलंच नाही.

याच बिल्डिंगमध्ये त्यांची चार घरची कामं होती, त्यातलं एक खुद्द सुबोधकाकांचं. चारही जाणार, वर चोर म्हणून बोभाटा. मावशी गेटबाहेर फुटपाथवर बसून राहिल्या. ग्रेटे दोनदा खाली जाऊन काकांशी भांडून आली, पण काका म्हणाले, नियम म्हणजे नियम.

“मावशी खोटं बोलत नाहीत,” रुचिरा तिसऱ्यांदा म्हणाली.

“माहितीये गं. पण हा तांदूळ काय बोलतोय ते बघ ना,” सिद्धेश वैतागला.

रुचिरा खरंच बघायला लागली आणि तिचा हात थांबला. “सिद्धू, यातला पाला कुठाय?”

मावशी तांदळात कडुनिंबाचा सुका पाला घालायच्या, टोके होऊ नयेत म्हणून. रुचिराच्या आईला ही युक्ती त्यांनीच शिकवली होती. या परातीत एकही पान नव्हतं. सिद्धेशने चार दाणे तळहातावर घेतले. त्याचं घर मालवणी, दोन्ही वेळा भात, त्यामुळे तांदळातलं त्याला बरोबर कळायचं. मावशी आणायच्या तो आखूड दाण्याचा कोलम. हा तर बिर्याणीचा लांब तांदूळ. बरणी तीच होती, आतला तांदूळ बदलला होता!

त्याने हे सगळं फोनवर टाइप करून कारीला दाखवलं. कारीने लगेच बाबांना मेसेज केला. तिचे बाबा लार्स पहाटेच्या विमानाने चेन्नईला गेले होते. मशीनं पाहिली का, असं ग्रेटेने त्यांना सकाळीच विचारलं होतं आणि ते नाही म्हणाले होते. तांदळाचं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आता उत्तर आलं. पहाटे नाश्त्याचं काहीतरी शोधताना बरणीत किडे दिसले, म्हणून सगळा तांदूळ पिशवीत ओतून गाठ मारली, ओल्या कचऱ्यात टाकला आणि नवं पाकीट बरणीत भरलं. सांगायचं राहून गेलं.

टोके झाले म्हणून कुणी तांदूळ टाकतं, हे सिद्धेशला काही केल्या पटेना. उन्हात घालायचा, निवडायचा आणि शिजवायचा, त्यात एवढं काय? कारीने खांदे उडवले. तिच्याकडे एक किडा दिसला तरी अख्खा डबा बाहेर जातो.

“वाट लागली,” रुचिरा म्हणाली. “गाडी अकराला कचरा घेऊन जाते. आता बारा वाजले.”

तरी तिघं धडाधड जिने उतरून गेटवर पोचली. तिथे केबिनमध्ये वॉचमन धाकूमामा एका कोपऱ्यात झाडू आपटत होते. कचऱ्याची गाडी कधीच गेली, असं त्यांनी मागे न बघताच सांगितलं. कारीला त्यांचे शब्द ऐकू आले नाहीत, पण रुचिराचा चेहरा बघून ती समजली. ती केबिनच्या दारातच मट्‌कन बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मशीनं गेली याचं नव्हे, मावशी तिच्यामुळे उन्हात बसल्या होत्या याचं.

“मामा, काय मारताय?” सिद्धेशने विचारलं.

“रातकिडो. सकाळधरना ओरडता मेलो, खंय लपलो आसा देव जाणे.”

तिघांपैकी दोघांनी कान दिला. बारीक, तीक्ष्ण, न थांबणारी शिट्टी येत होती. कारी तर आवाजाच्या सगळ्यात जवळ होती, पण तिला त्याचा पत्ताच नव्हता. रातकिडा आणि भर दुपारी?

रुचिराने सिद्धेशचा दंड धरला. “अरे, कारीला मिठी मारली की तिची मशीनं अशीच वाजतात. झाकली गेली की शिट्टी मारतात. काल ती बंद करायची विसरली असणार.”

खिळ्याला एक पिशवी टांगलेली होती. धाकूमामांचा चेहरा उतरला. पहाटे ओला कचरा खाली आला तेव्हा त्यांनी ती उचलून ठेवली होती, तांदूळ उन्हात घालून घरी न्यायला. कचऱ्यातून उचललेलं कुणाला सांगायची त्यांना लाज वाटत होती.

“अन्न आसा रे बाबा ता,” ते हळूच म्हणाले. “कसा फुकट जावक देतलंय?”

“मामा, तुम्ही उचललंत म्हणून वाचलं,” सिद्धेश म्हणाला आणि त्याने गाठ सोडली. आत कडुनिंबाचा पाला, पाच-सहा टोके आणि तळाशी दोन्ही मशीनं.

कारीने ती पुसून कानात घातली आणि थेट गेटबाहेर धावली. मावशींनी तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि त्यांना रडूच फुटलं. ग्रेटेही खाली आली. दीड वर्षात शिकलेल्या मराठीत ती म्हणाली, “मावशी, चूक आमची. माफ करा.”

एवढ्यात सुबोधकाका हजर. सगळं ऐकल्यावर त्यांनी मुलांच्या पाठीवर थाप मारली, शाब्बास, पोलिसांनाही जमलं नसतं, असं म्हणाले आणि मोबाईलवर पास चालू करून वळले.

“काका, ग्रुपवर?” रुचिराने वाट अडवली. “चोर म्हणून सगळ्यांना कळवलंत ना?”

काका चुळबुळले. गेटपाशी आता बरीच माणसं जमली होती, वरून खिडक्याही उघडल्या होत्या. त्यांनी तिथेच उभं राहून लिहिलं, ‘मालनताईंवर मी खोटा आळ घेतला. त्यांची माफी मागतो.’ सगळ्यांचे फोन वाजले. मुलांनी डोकं चालवलं म्हणून बिल्डिंगची लाज राहिली, असं धाकूमामा मोठ्याने म्हणाले आणि कुणी ते खोडलं नाही.

मावशींनी डोळे पुसले, कोथिंबिरीची जुडी उचलली.

“दादा, तीन घरची कामं करते मी,” त्या शांतपणे म्हणाल्या. “तुमच्याकडचं आजपासून सोडलं.”

आणि त्या मुलांबरोबर आत गेल्या. त्या दिवशी सुबोधकाकांच्या घरची भांडी सुबोधकाकांनीच घासली.