रिकामा स्लॉट

लॅपटॉपच्या पाठीचे नऊ स्क्रू मी संजीवनीवहिनींच्या जेवणाच्या टेबलावर, काढले त्याच क्रमाने मांडले. सिंगापूरच्या वुडलँड्समधला चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट. खिडकीतून पाण्यापलीकडचं मलेशियातलं जोहोर दिसतं.

लॅपटॉप मनोहरचा. माझा मित्र, वहिनींचा नवरा, मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनियर. अकरा आठवड्यांपूर्वी मालदीवच्या पश्चिमेला त्या जहाजाशी संपर्क तुटला. येत्या शुक्रवारी वहिनींना कंपनीच्या कागदावर सही करायची होती. सही झाली की मनोहर मृत.

"आधी त्याची मेल बघायची," वहिनी म्हणाल्या. पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. मेल फक्त या लॅपटॉपवर उघडी होती, आणि याचं वायफाय कार्ड जळालेलं.

मी नवं कार्ड बसवलं. काळ्या पडद्यावर एक ओळ आली: हे कार्ड मान्य नाही.

"कार्ड खराब आहे?"

"कार्ड चांगलंय. पण बनवणाऱ्यांनी आत यादी ठेवलीय. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की हा सुरूच होत नाही."

"अगदी माझ्या सासूबाई."

यादी एका चिपमध्ये असते. मी चिपला चिमटा लावून यादी माझ्या लॅपटॉपवर उतरवली. चार कार्डांचे क्रमांक. एक खोडून आपल्या कार्डाचा लिहिला आणि चिप परत भरली.

तीच ओळ.

चिप पुन्हा वाचली. माझा क्रमांक जागेवर होता. तरी तीच ओळ.

शेवटी कार्ड काढलं आणि स्लॉट रिकामा ठेवून बटण दाबलं. लॅपटॉप सुरू झाला. कोपऱ्यात वायफायच्या चारही काड्या.

रविवार. भिंतीवरच्या घड्याळात संध्याकाळचे ६:३०. लॅपटॉपवर ३:३०.

अँटेनाच्या तारा मोकळ्या लोंबत होत्या. मेल उघडेना, काहीच उघडेना. त्या नेटवर्कवरून एकच गोष्ट येत होती, वेळ. मी घड्याळ बरोबर लावलं. ते पुन्हा तीन तास मागे गेलं.

भीती वाटली नाही. मी स्लॉटमध्ये टॉर्च मारून बघितलं. धूळ होती.

सोमवार. ६:३०. ४:३०.

"काल तीन तास मागे होतं ना?" मी विचारलं.

वहिनी हळूच खुर्चीत बसल्या. "विश्वासभावोजी, जहाज पूर्वेला निघालं की घड्याळ तासातासाने पुढे करतात. झोप कापली म्हणून तो चिडायचा."

मंगळवार. ६:३०. ५:३०.

वहिनींनी सुरमई आणून ठेवली. उद्यासाठी.

बुधवार. ६:३०. ६:३०.

ताटं तीन मांडली. आम्ही दाराकडे बघत बसलो. सुरमई गार झाली. कोणी आलं नाही.

गुरुवार. ६:३०. ७:३०.

काड्या चारही.

"पुढे गेला," मी म्हणालो. "थांबला नाही."

"ड्युटीवर असेल," वहिनी म्हणाल्या.

कंपनीच्या कागदाचे त्यांनी चार तुकडे केले. मग स्टूल घेऊन त्यावर चढल्या आणि भिंतीवरचं घड्याळ उतरवलं.

शुक्रवार. भिंतीवर ८:३०. लॅपटॉपवर ८:३०. माझ्या मनगटावर ६:३०.

फरशीवर ऊन होतं. घरातले सगळे पडदे त्या ओढत होत्या.

"इतका उशीर केलात, भावोजी?"