रिकाम्या पाटाचा धवला

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी मी त्या सिनेमाचा विषय काढत नाही.

शहाण्णव सालची गोष्ट. रोह्याला आमच्या कंपनीतल्या हौशी मंडळींनी फिल्म सोसायटी काढली होती. म्हणजे रविवारी दुपारी शाळेच्या हॉलला काळे पडदे लावायचे आणि कुणालाच न कळणारा सिनेमा बघून गंभीर चेहऱ्यानं बाहेर पडायचं! त्या दिवशी मी पुतळी आत्यालाही नेलं, कारण सिनेमात ती होती.

आत्या धवलारीण. पेणच्या खाडीकाठी आमच्याकडे लग्नात नवरीला पाटावर बसवून धवले गातात, ते गाणारी. त्याच्या काही वर्षं आधी मुंबईची सिनेमावाली माणसं जिते गावापलीकडच्या मिठागरात आली होती, त्यांच्यासाठी ती गायली होती. माझ्या पोरीचं, भूमिकेचं, लग्न तोंडावर आलेलं, घरात आनंदीआनंद. म्हटलं, आत्यालाही जरा मिरवू दे.

सिनेमा भलताच तऱ्हेवाईक होता. एक जाडा माणूस मिठागरात तराजू घेऊन बसलाय. सगळ्यांत उदास संगीत कुणाचं, याची स्पर्धा. वाजवणारे येतात, ऐकणारे रडतात, आसवं उन्हात वाळतात आणि मागे उरलेलं मीठ तोललं जातं. बँडवाले तर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून वाजवत होते. मागे खसखस पिकली होती. मलाही हसू येत होतं, पण ते सूर छातीत कुठेतरी रुतत होते, हेही खरं.

मग पडद्यावर आत्या आली. पुढ्यात पाट, पाटाभोवती रांगोळी. पाट रिकामा.

"नवरी कुठाय गो आत्या?" मी हळूच विचारलं.

"नव्हतीच. रिकाम्या पाटाला धवला घालू नये, मी सांगितलं व्हतं त्यांना. ऐकतच नाय. मंग मी अर्ध्यातच सोडला."

पडद्यावरची आत्या मात्र थांबली नाही. आत्यानं माझं मनगट घट्ट धरलं.

"हरेश... ह्या पुढचं मी नाय गायले..."

आवाज तिचाच होता. धवल्यात नवरीचं नाव गुंफतात. पुढच्या ओळीत ते आलं, स्पष्ट. भूमिका. पाटावर आता कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. पिवळं लुगडं, मोकळे केस, केसांतून पाणी ठिबकत होतं. बंद हॉलमध्ये खाजणातल्या चिखलाचा वास भरला.

मी ओरडलो. मशीन चालवणाऱ्या दत्तात्रेयानं रीळ मागे घेऊन पुन्हा लावलं. आत्या अर्ध्या ओळीवर थांबली. पाट रिकामा. नाव नाही, नवरी नाही.

"तू ऐकलंस ना?" मी विचारलं.

"ऐकलं..." दत्तात्रेय म्हणाला आणि त्यानं दिवे लावले.

परतताना एसटीत आत्या एवढंच बोलली, "अर्धा धवला नवरी मागतो. भूमिकेच्या हळदीला मी तोंड उघडणार नाय."

हळदीला ती खरंच तोंडात पदर कोंबून बसली. बायका कुरकुरल्या. सकाळची उन्हं मांडवात आली होती. भूमिकेला आणून पाटावर बसवलं आणि गाणं सुरू झालं. पहिल्यापासून नव्हे, त्या अर्ध्या ओळीपासून. भूमिका स्वतःच गात होती, मान खाली घालून, आत्याच्या आवाजात. माझ्या पोरीला धवल्याची एक ओळ येत नव्हती हो!

धवल्यात शेवटी नवरीला सासरी धाडतात, तिथवर ती गायली आणि गप्प झाली. मी धावत जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस निथळत होते. हळद लागायची होती, आंघोळ तर त्याच्याही नंतर. नकळत मी बोट जिभेला लावलं. खारट.

लग्न पार पडलं. ती कोलाडला असते, जावई चांगला आहे, दोन मुलं आहेत. दिवाळीला येते, हसते, बोलते. फक्त जेवून उठली की तिच्या पाटावर पांढरा थर राहतो, तो मी कुणी बघायच्या आत पुसतो.

आत्या आता फार थकली आहे. गेल्या दिवाळीला भूमिका तिच्या पाया पडली. आत्यानं आशीर्वाद दिला, ती आत जाईपर्यंत थांबली आणि मला जवळ बोलावलं.

"हरेश," ती कुजबुजली, "आपली भूमिका कधी येल रं?"