धक्क्याजवळचा पुसलेला समुद्र

"माझ्या चित्राला कुणीतरी हात लावलाय," चित्रकार म्हणाली, आणि तिघींचे चहाचे कप हातातच राहिले.

सुट्टीवर आलेल्या चार मैत्रिणी, बेटावरचं भाड्याचं घर, पाचवा दिवस. एक चित्रकार. तिच्याबरोबर कलाशाळेत शिकलेली आणि आता शाळेत चित्रकला शिकवणारी मास्तरीण. झोपेशी लग्न लागलेली दातांची डॉक्टर. चौथी नुकतीच निवृत्त झालेली फौजदार. तिला बाकीच्या थट्टेनं साहेब म्हणत. साहेब निवृत्त झाल्या होत्या, खोड नव्हती झाली.

चित्र कालच्या सकाळचं, टेकडीवर बसून काढलेलं. खाडी, धक्का, पाण्यात सरळ उतरलेली माडांची प्रतिबिंबं. धक्क्याजवळचा अंगठ्याएवढा समुद्र कुणी स्पंजनं पुसून पुन्हा रंगवला होता. रंग तंतोतंत जुळला होता, पण हात फिरवला की कागद तिथे खरखरीत लागत होता.

"तिथे काय होतं?" साहेबांनी विचारलं.

"पांढरा डाग. कशाचा ते माहीत नाही."

"काढलंस तूच ना?"

"चित्र काढताना मी चष्मा काढून ठेवते. बारकावे दिसले की हात त्यांच्याच मागे लागतो. मला नुसते रंगांचे डाग हवे असतात."

"हे चित्र पाहिलं कुणी?"

"काल संध्याकाळी या दोघींनी. तू फिरायला गेली होतीस."

कालचा दिवस तसाही वाईट गेला होता. राजधानीतल्या प्रदर्शनासाठी चित्रं निवडणाऱ्या बाई सकाळच्या लाँचनं येणार होत्या. चित्रकारचं आयुष्यातलं पहिलं मोठं प्रदर्शन. टेकडीवर ऊन हवं तसं पडलं होतं, म्हणून बाईंना आणायला मास्तरीण धक्क्यावर गेली आणि हात हलवत परत आली.

"लाँच का आली नाही?" साहेबांनी तिला विचारलं.

"समुद्र खवळला होता. कालच सांगितलं की."

"आणि तू कुठे होतीस?" साहेब डॉक्टरकडे वळल्या.

"अंथरुणात," डॉक्टर म्हणाली. "अकरापर्यंत. उशी साक्षीला आहे."

साहेबांनी रंगांची पेटी डॉक्टरपुढे सरकवली. "हा निळा रंग या कागदावर जुळव. अगदी तसाच."

डॉक्टरनं जीव ओतून रंग कालवला. हुबेहूब जमला. कागद उन्हात ठेवला. चहा संपेपर्यंत तो वाळला आणि पार फिका पडला.

"जलरंग वाळला की उतरतो," साहेब म्हणाल्या. "पाच दिवस हिच्याशेजारी बसून एवढं शिकले. डॉक्टरला ते ठाऊक नाही. ज्यानं हे केलं त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं रंग आधीच गडद कालवला. तसा हात या घरात दोघींचा. त्यातली एक आपलंच चित्र पुसून आपणच बोंब मारणार नाही."

साहेबांनी मूळ चित्र पुढे ओढलं.

"आता ही प्रतिबिंबं बघा. खवळलेल्या पाण्यात अशी सरळ पडतात? काल समुद्र शांत होता. पांढरा डाग म्हणजे लाँच. बाई आल्या होत्या. संध्याकाळी चित्रात लाँच दिसली आणि रात्रीतून मास्तरणीनं ती पुसली."

"बाईंना काय सांगितलंस?" चित्रकारनं विचारलं.

"तू माघार घेतलीस म्हणून." मास्तरणीची नजर टेबलावर होती. "माझी चित्रं बॅगेत होती. त्यांनी सहा नेली."

म्हणजे चित्रं घरूनच भरून आणली होती. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते चित्रकारला आज कळलं. राग येण्याआधी तिला लाज वाटली, जणू पकडली तीच गेली होती.

"मला नुसतं म्हणाली असतीस तर अर्धी भिंत तुला दिली असती मी."

"माहीत आहे. कलाशाळेपासून देतच आलीस. रंग दिलेस, डब्यातलं दिलंस. मला एकदा माझं स्वतःचं हवं होतं."

मग चित्रकार उठली आणि चित्रं गुंडाळायला लागली.

"दुपारच्या लाँचनं मी बाईंकडे जातेय," ती म्हणाली. "खरं काय ते सांगेन. पण तुझी चित्रं उतरवा असं नाही म्हणणार. माझी शेजारी लावा म्हणेन. अर्धी भिंत तुझीच."

मास्तरणीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.